कॉफीत कोणती दारू घालावी

मला दारू वासावरून ओळखता येते. नुसती दारू आहे एवढंच नाही, कोणती आहे तेही सांगता येतं. ब्रांडी, रम, मोहाची, ताडी, आणि साहेबलोक जेवणानंतर अंगठ्याएवढ्या पेल्यातून घेतात त्या गोड रंगीत दारवांपैकीही एक-दोन. माझ्या नातसुना हे ऐकून तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापड्या. ही विद्या मी कुठल्या शाळेत शिकले नाही. कल्याणच्या आमच्या घराच्या दारात उभी राहून शिकले, आज हे कोणत्या वासाचे येतात याची वाट बघत.

हे, म्हणजे आमच्या घरचे. कल्याण स्टेशनावर साहेबलोकांच्या खाण्यापिण्यासाठी रिफ्रेशमेंट रूम होती, तिथल्या कोठारावर ते कारकून होते. ठेका एका पारशी शेटजींचा होता. कल्याणहून एक गाडी नाशकाकडे जाते आणि एक पुण्याकडे, त्यामुळे साहेब उतरायचे, जेवायचे आणि पुढे जायचे. डबे, बिस्किटं, मुरंबे, बाटल्या, सगळ्याच्या किल्ल्या ह्यांच्या कमरेला. आमच्यात मासे-मटण चालतं, तेव्हा त्या नोकरीत बाटण्यासारखं काही आम्हाला वाटलं नाही, तरी भाऊबंद नाकं मुरडायचेच.

ह्यांची जीभ फार चांगली होती. तीच घात करून गेली. मुंबईचे व्यापारी बाटल्यांत पाणी आणि जळकी साखर मिसळून पाठवत, आणि ते ओळखायचं काम शेटजींनी ह्यांच्यावर सोपवलं होतं. थेंबभर जिभेवर ठेवायचा आणि माल खरा की खोटा ते सांगायचं. थेंबाचा घोट कधी झाला आणि घोटाचा पेला कधी, ते त्यांना कळलं नाही आणि मला तर मुळीच नाही. मी ठाण्याहून नवी लग्न होऊन आलेली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या, घरात सांगणारं कुणी नाही. हे संध्याकाळी आले की अंगाला संत्र्याच्या सालीचा वास यायचा, आणि स्वारीही अशी खुशीत असायची की माझ्या वेणीतलं फूल सरळ करायचे, गुणगुणायचे. मी माहेरी गेले तेव्हा बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "हे रोज संत्री खातात." ती म्हणाली, "मग तुझ्यासाठी एखादं आणत नाहीत होय?" मला तिचा इतका राग आला की परत येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

संत्री वर्षभर टिकली. मग ब्रांडी आली. ब्रांडीचे दिवस मुके असायचे. हे पाटावर बसायचे, काही बोलायचे नाहीत, आणि मध्येच ताट भिंतीवर जायचं. रम आली की रडायचे, मेलेल्या आईला हाका मारायचे, माझे पाय धरायचे. मला विचाराल तर ताट परवडलं. सकाळी त्यांचं डोकं उठायचं म्हणून स्टेशनावरच्या गोवेकर खानसाम्याने मला कॉफी करायला शिकवली. बिया भाजायच्या, कुटायच्या, काळीकुट्ट उकळायची. त्या वेळी आमच्या आळीत कॉफी कुणाच्या घरी नव्हती. शेजारणी कौतुकाने वास घ्यायला यायच्या, आणि मी नाकाला पदर लावून ढवळत असायचे.

पुढे एक दिवस हे बाटल्यांच्या पेटीसकट कोठारात पडले आणि नोकरी गेली. मग मोहाची सुरू झाली. मोहाचा वास गोधड्यांतून जात नाही, कितीही उन्हात घाला. अशाच एका दुपारी हे आमच्या एकुलत्या लहानग्या मुलीला खांद्यावर घेऊन तळ्यावर गेले. पायरीवरून पाय घसरला, पोर पाण्यात गेली. हे पायरीवर बसून नुसते बघत राहिले. धुणं धुणाऱ्या एका बाईने तिला केसाला धरून वर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे दिवा लावला, मुलीला पाटावर बसवलं, आणि ह्यांचा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "बोला." ते म्हणाले, "यापुढे दारू जिभेला लावणार नाही." पोर वर बघून हसली, तिला वाटलं खेळच आहे.

असली शपथ मोडली तर ती मोडणाऱ्याच्या अंगावर येत नाही, ज्याच्या डोक्यावर हात होता त्याच्या अंगावर येते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग मी माझं डोकं का नाही पुढे केलं? खरं सांगते. माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ ते आठवडाभरही पाळतील असं मला वाटलं नाही. माझ्या जिवाची तेवढी किंमत त्या घरात असेल असा विश्वास मला नव्हता. मुलीवर मात्र त्यांचा जीव होता.

शपथ त्यांनी पाळली. शेटजींनीही मोठ्या मनाने परत ठेवून घेतलं, फक्त माल चाखायचं काम दुसऱ्याकडे दिलं. पण माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच. बाटल्यांच्या किल्ल्या पुन्हा त्यांच्या कमरेला आणि शपथ माझ्या पोरीच्या डोक्यावर. पोर शिंकली की मी आधी ह्यांच्याकडे बघायचे. तिला पडसं झालं, गालगुंड झालं, पायात काटा मोडला, सगळ्याचा जाब मी मनातल्या मनात ह्यांना विचारायचे. एकदा तिला ताप भरला तेव्हा मनातल्या मनात राहिलं नाही. मी म्हटलं, "खरं सांगा, काही घेतलंत का?" ते म्हणाले, "अगं, माझं नाक मेलंय आता. ब्रांडीची बाटली आणि घासलेटचा डबा मला सारखाच. वासच येत नाही, तर घेईन कशाला?" ते इतक्या सहज म्हणाले की मला रडू आलं. तहानच मेली, सुटलो आपण, असं मला वाटलं. पुढे कधी घाबरायला झालं की मी ते वाक्य मनात घोकायचे.

अशात त्या मेजवानीचं आलं. रेल्वेचे एक मोठे इंजिनियर साहेब कायमचे विलायतेला निघाले होते, त्यांना बाकीचे साहेब कल्याणला जेवण देणार होते. शेटजींचा ठेका पुढे चालू राहणार की नाही हे त्याच लोकांच्या हातात. जेवण देणाऱ्यांपैकी एका साहेबाच्या मडमेने आधीच निरोप पाठवला होता: शेवटी कॉफीचं थंड पुडिंग हवं, आणि त्यात शोभेल अशी दारू हवी, पण मागल्या वेळेसारखी नको. मागल्या वेळी कुणीतरी इतकी रम ओतली होती की पुडिंग थिजलंच नाही, साहेबांनी ते चमच्याऐवजी पेल्याने संपवलं. आणि नेमका खानसामा घरच्या लग्नाला गोव्याला गेलेला. हाताखालच्या आचाऱ्याला कोंबडी आणि कटलेट येत होतं, पण पुडिंगात कोणती दारू घालायची हे त्याच्या बापालाही माहीत नव्हतं.

हे घरी आले ते तोंड उतरवून. जेवायला बसले आणि घास हातात धरून म्हणाले, "शेटजी म्हणतात, तुझ्यासारखी जीभ इथे कुणाची नाही. तूच चाखून ठरव."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? त्यांनी पुन्हा उभं केलंय मला." मग जरा थांबून म्हणाले, "अगं, जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकून टाकायची. शेटजीच म्हणाले, थुंकल्यावर पाप कसलं बावा? गिळलीच नाही, तर ते पिणं कसं?"

"शपथेचे शब्द काय होते?"

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मुलगी शेजारीच बसून भात चिवडत होती. मी तिच्याकडे बघितलं. एकदा टोकाला लागली की ती टोकावर राहणार आहे का? मी तर तो सगळा रस्ता बघितला होता, थेंबापासून तळ्यापर्यंत.

"बाटल्यांतून थोडी थोडी काढून घरी आणा," मी म्हटलं. "मी ठरवते."

"तू?" त्यांना हसूच फुटलं. "तुला काय कळणार त्यातलं?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही काय पिऊन आलात ते तुम्ही फाटक उघडायच्या आत मी सांगायचे. एकदा चुकले असेन तर सांगा. तुम्ही जिभेने शिकलात, मी नाकाने शिकले. उस्ताद एकच."

त्यांचं हसू मावळलं. ते उठले आणि हात धुवायला गेले.

रविवारी दुपारी त्यांनी एका पत्र्याच्या डब्यातून औषधाच्या पाच शिश्या आणल्या, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली. बरोबर पोत्यात लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फाचा मोठा तुकडा. मेजवानीसाठी मुंबईहून बर्फ येणार होता, त्याचा हा नमुना. मी शिश्यांना त्यांच्यासमोर हात लावला नाही. म्हटलं, "मुलीला घेऊन ठाकुर्लीला माझ्या मावसबहिणीकडे जा. दिवेलागणीपर्यंत येऊ नका." रुळांच्या कडेने, भातखाचरांच्या बांधावरून ती दोघं जाताना मी बघत राहिले. पोर पुढे उड्या मारत होती. ह्यांनी दोनदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं.

घरात असलं काही करणं शक्यच नव्हतं, देव होते. मागल्या पडवीत लाकडं ठेवायची जागा होती, तिथे मी चूल मांडली. घरातली भांडी बाटवायची नव्हती, म्हणून संक्रांतीची उरलेली मातीची बोळकी काढली. वापरून झाली की फोडून टाकता येतात. सौभाग्याच्या वाणाची ती बोळकी, आणि त्यांत हे. त्या बोळक्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. मग कॉफी उकळली, दूध आटवलं, साखर आणि अंड्याचा बलक घातला. पुडिंग थिजवायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला डिंकासारखा पापुद्रा साहेबांच्या कोठारातून आणला होता, तो भिजवून विरघळवला. मिश्रण पाच बोळक्यांत ओतलं आणि प्रत्येकात एकेका शिशीतलं चमचाभर घातलं.

हिरव्या रंगाच्या दारूचा वास निव्वळ काढ्याचा. ओवा, गवती चहा, आणखी कसली कसली मुळं. ती पिणाऱ्या साहेबाला बारमाही सर्दी असावी. ते बोळकं मी लगेच बाजूला केलं. कडू बदामाची मला नवीन होती, ह्यांच्या तोंडाला तिचा वास कधी आला नव्हता. तिच्याबद्दल मनात काही नव्हतं म्हणून मला ती आधी आवडली, तीच घालावी असं वाटलं. पण कॉफीत गेल्यावर तिने कॉफीला दाबूनच टाकलं, बाळंतिणीच्या डोक्याला चोळायच्या तेलासारखी नुसती बदामच राहिली.

मग ब्रांडी. झाकण काढल्याबरोबर माझी मान आपोआप खाली गेली, ताट चुकवायला. इतकी वर्षं झाली होती, पडवीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मान खाली गेली. मला स्वतःचीच चीड आली. मी ती शिशी मुद्दाम नाकाशी धरून बसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि रम. खोटं कशाला सांगू, गरम कॉफीत रमइतकी दुसरी कुठलीच शोभत नव्हती. भाजलेली बी आणि जळकी साखर, जणू एकाच घरात वाढलेल्या बहिणी. ज्या सकाळी मी कॉफी करायचे आणि ह्यांच्या तोंडाला रात्रीची रम असायची, त्या सकाळी हाच वास माझ्या स्वयंपाकघरात भरलेला असायचा. तेव्हा मी शिसारीने नाक दाबायचे. आज न दाबता घेतला, तर तो चांगला होता. माझ्या संसाराची राख करणारा वास मुळात इतका चांगला आहे, हे कळून मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं.

संत्र्याची मी शेवटी ठेवली होती. ती उघडली आणि रडले. तेवढं एक वर्ष बरं गेलं होतं, तेही बाटलीतलंच.

डोळे पुसले आणि ठरवलं, रमच. माझा राग माझ्यापाशी, पुडिंग साहेबांचं. सगळी बोळकी बर्फावर ठेवली. आमच्याकडे गोड म्हणजे गरम नाहीतर कोमट. खीर घ्या, शिरा घ्या, पुरण घ्या, वास आधी नाकाशी येतो आणि घास मागून. मी तोच हिशेब धरून बसले होते. पुडिंग बर्फासारखं थंड खायचं असतं हे मला माहीत होतं, पण थंडीने वासाचं काय होतं हे मला माहीत नव्हतं. पुडिंग थिजलं. मी रमचं बोळकं उचलून हुंगलं. काही नाही. ब्रांडीचं हुंगलं. काही नाही. पाचही बोळक्यांना एकच वास, थंड दुधाचा, आणि मागून कुठेतरी जराशी कॉफी. माझी सगळी विद्या बर्फाने एका फटक्यात पुसून टाकली.

मी तिथेच लाकडांवर बसले. आता हे जिभेशिवाय कळणार नव्हतं. उद्या हे शेटजींना सांगणार, बायकोला जमलं नाही. शेटजी चमचा पुढे करणार. आणि हे तो घेणार. थुंकतीलही. पण मी ठाकुर्लीच्या वाटेवर उड्या मारत गेलेल्या पोरीचं डोकं बघितलं होतं, तेल लावून मीच विंचरलेलं. शपथ ह्यांच्या जिभेवर होती, माझ्या जिभेवर नव्हती. मी पदर खोचला, चमचा उचलला आणि खाल्लं.

हे लिहिताना लाज वाटावी अशी माझ्याकडून पुष्कळांची अपेक्षा असेल. मला लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. भीती वाटली. पहिल्यांदा तर घशाखाली काय गेलं तेच कळलं नाही, नुसता कान गरम झाल्याचं कळलं. मग मी पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली, एकेक चमचा, सावकाश. रम थंडीत जड झाली होती, जिभेवर बसून राहायची, गोडाला चिकटायची. ब्रांडी आधी काहीच बोलायची नाही आणि मग घशात भडका. बदाम आणि काढा होते तसेच. संत्र्याची मात्र थंडीत उठून दिसली. आधी कॉफीचा कडूपणा, मग तो जात असताना मागून सालीचा कडूपणा, आणि मग तोंड स्वच्छ. फक्त ती जरा पोरकट लागत होती, पायाशिवाय उभी. मी तिच्यात रमचे चार थेंब मिसळून नवं बोळकं थिजवलं. ते खाल्लं आणि मला कळलं, हेच.

चांगलं लागलं. आणखी एक चमचा खावासा वाटला. तेव्हा मात्र मी उठले, उरलेलं सगळं मातीत ओतलं, बोळकी फोडली, चुलीवर पाणी मारलं. राखेने दात घासले, चुळा भरल्या, लवंग चावली, वर विडा खाल्ला. डोकं जरा हलकं होतं. चांगलं लुगडं नेसून मी दिवा लावायला बसले.

दिवेलागणीला ती दोघं आली. पोर धावत आत गेली. हे उंबऱ्याबाहेर थांबले. मी आत, ते बाहेर. मध्ये अंगण नव्हे, पण चार पावलं तरी होती. त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"कुरासाव," ते म्हणाले. संत्र्याच्या सालीच्या त्या दारूला साहेबलोक त्या नावाने मागत. "त्यात रम. थोडी. त्याआधी ब्रांडी घेतलीस." मग अगदी हळू म्हणाले, "शेवटचा चमचा कुरासावचा होता."

लवंग, विडा, राख, आणि चार पावलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते नाक मेलेलं नव्हतं. कधीच मेलेलं नव्हतं. मी ज्या वाक्याच्या आधाराने इतके दिवस झोपत होते, ते मला झोप यावी म्हणूनच त्यांनी म्हटलं होतं. रोज सकाळी हा माणूस त्या बाटल्यांमध्ये जाऊन उभा राहत होता, प्रत्येकीचा वास वेगवेगळा घेत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणत होता की घासलेट आणि ब्रांडी सारखीच.

मला वाटलं, आता हे रागावतील. बायकोने दारू चाखली, दुसरा कुणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. हे आत आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले, आणि म्हणाले, "कशी लागली?"

"काय?"

"सांग ना. थंड कशी लागते? मी कधी थंड खाल्ली नाही."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. उपासाच्या दिवशी पोर दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं, तसं ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नाही म्हणायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. मी सांगितलं. आधी कॉफी, मग साल, मग रम कुठून तरी खालून येते आणि लगेच जाते. त्यांनी डोळे मिटले होते. मी एक वाक्य संपवलं की त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. "आणि जाताना?" ते विचारायचे. "जाताना तोंडात काय राहतं?" मी म्हटलं, "साल राहते." ते म्हणाले, "हो. तीच राहते." मग उठून मुलीला हाक मारली आणि तिच्याशी सागरगोटे खेळायला बसले.

मेजवानी चांगली झाली. पुडिंग थिजलं, मडमेने शेटजींना विचारलं की यात काय काय घातलंय, शेटजींनी ठोकून दिलं की आमच्या मुंबईच्या खानसाम्याचा खास हात आहे. ठेका राहिला, नोकरी राहिली. मला कुणी विचारलं नाही आणि मला ते हवंही नव्हतं.

पण घरात एक नवीच गोष्ट सुरू झाली. महिना-दोन महिन्यांनी एखाद्या संध्याकाळी हे अस्वस्थ व्हायचे, येरझारा घालायचे, किल्ल्यांचा जुडगा हातात वाजवायचे. मग माझ्याजवळ येऊन म्हणायचे, "ते कॉफीचं सांग." मी हातातलं काम टाकून सांगायचे. तेच, तितकंच. एखादा शब्द राहिला तर ते आठवण करायचे. सांगून झालं की शांत व्हायचे, जेवायचे. मी त्यांना पाजते आहे की वाचवते आहे, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडायचा. कुणाला विचारणार? भटजींना विचारण्यासारखं ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोर खोकली की मला वाटायचं, ऐकणं हेसुद्धा जिभेला लावणंच असेल. पण पोर खोकून बरी व्हायची, आणि काही दिवसांनी हे पुन्हा येरझारा घालायचे.

अशीच ती मोठी झाली. ठाण्याचं स्थळ आलं, माझ्याच माहेरच्या गावातलं, आणि तिचं लग्न झालं. कन्यादानाच्या वेळी ह्यांनी तिचा हात जावयाच्या हातात दिला, भटजींनी पाणी सोडलं, आणि माझ्या छातीत धस्स झालं. सगळे रडत होते म्हणून माझं रडणं कुणाला वेगळं वाटलं नाही. मुलगी आता त्यांच्या गोत्रातली राहिली नव्हती. ती दुसऱ्या घरची झाली. मग तिच्या डोक्यावर ठेवलेल्या हाताचं काय? ती शपथ अजून धरून आहे की त्या पाण्याबरोबर गेली? मला तर असंही वाटलं, आता निदान माझी पोर सुटली, आता ह्यांनी काहीही केलं तरी तिच्या केसाला धक्का लागणार नाही. आणि असं वाटल्याबरोबर मी स्वतःलाच घाबरले, कारण हाच विचार त्यांच्याही डोक्यात आला असणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

कल्याणला परत आलो. घर रिकामं. मी मुलीची फणी उचलून कोनाड्यात ठेवत होते. हे दारात उभे होते, किल्ल्यांचा जुडगा हातात.

"कन्यादान झालं," ते म्हणाले.

"झालं."

"आता ती आपली नाही."

मी फणी धरून उभी राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, ते कॉफीचं सांग. किंवा काहीच म्हणणार नाहीत आणि निघून जातील, आणि मग पुन्हा दारात उभं राहून वाट बघायची. या वयात पुन्हा तेच शिकायचं, हे माझ्याने होणार नव्हतं.

त्यांनी किल्ल्या खाली ठेवल्या. जवळ आले आणि आपला उजवा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मी त्यांचा हात धरला नव्हता, दिवा लावला नव्हता, बोला असं म्हटलं नव्हतं. "यापुढेही नाही," एवढंच ते म्हणाले. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. आयुष्यभर जे डोकं पुढे करायची मला हिंमत झाली नाही, ते त्यांनी आपणहून निवडलं, आणि मला त्या हाताची भीती वाटत होती. तो किती दिवस टिकेल हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. रोज त्याच किल्ल्या कमरेला लावून गेले. अगदी शेवटच्या दुखण्यातही एकदा म्हणाले, "ते कॉफीचं सांग," आणि मी सांगितलं. शपथ त्यांनी खरोखर पाळली की नाही, याचा माझ्याकडे दुसरा काही पुरावा नाही. मी अजून जिवंत आहे, एवढाच आहे.